ग्रीनलंडची वेगळी चूल

"अगं, शिजवली की कोळंबी गुलाबी होते का?"

बरकतपुऱ्यात आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या घरामध्ये छातीएवढी भिंत आहे. त्यांचा कढीपत्ता आमच्या अंगणात झुकलाय, आणि काकू तो तोडायला आल्या की त्यांच्या घरात कढीपत्ता भरपूर आहे असं खुशाल समजावं. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या देशस्थ, चातुर्मासात कांदासुद्धा बंद, अशा काकूंनी सकाळी सकाळी कोळंबीचा रंग विचारावा? मी हातातली पिशवी कट्ट्यावर टेकवली. मृगाचा दिवस होता. रामनगरच्या बाजारातून आणलेली मरळ पिशवीत अजून शेपूट आपटत होती. या दिवशी हैदराबादेत मासळीचे भाव अंगावर येतात आणि तरी गर्दी हटत नाही. मृगाला मासा खाल्ला की पुढे छातीत कफ धरत नाही, अशी इथली समजूत.

"होते की गुलाबी. का हो?"

"आणि पावावर ढीग घालून खातात?"

मग उलगडा झाला. काकूंची धाकटी कोपनहेगनला असते. जावयानं घरच्या ग्रुपवर फोटो टाकला होता, रविवारचं जेवण म्हणून. काकूंनी मोबाईल भिंतीवरून माझ्या हातात दिला. राय धान्याचा काळसर पाव, त्यावर लोणी, त्यावर सोललेल्या, आकडा झालेल्या, करंदीहून थोड्या मोठ्या कोळंब्यांचा डोंगर, बाजूला लिंबाची फोड आणि वर हिरवे तुरे.

"तो शेपू आहे, एवढं मला कळलं," काकू म्हणाल्या. "शेपूखाली काय आहे ते सांग. आणि हे बघ, इकडे कोपऱ्यात ही अंगठी. ही अंगठी मी केलीय तिला. म्हणजे ताट कुणाचं? फोटो काढायच्या आधी बायकोचा हात बाजूला सारायची अक्कल नको जावयाला?"

पोरीची बाजू घ्यावी म्हणून मी विषय ताटावरून समुद्रावर नेला. कोळंबी निर्यात करणाऱ्या एका ऑफिसात मी हिशेब लिहिते, माहेर मालवणचं. मासळीचा विषय निघाला की माझं तोंड लवकर मिटत नाही. "काकू, ही थंड पाण्यातली कोळंबी. बहुतेक ग्रीनलंडची. बोटीवरच उकडतात, तिथंच गोठवतात. डेन्मार्कमध्ये घरोघरी खातात."

"ग्रीनलंड? तो ट्रंप विकत घ्यायला निघालाय ते?"

"तेच. २०१९मध्ये एकदा मागून झालं, २०२५मध्ये परत सुरू."

"असं काय पुरलंय तिथं?"

"बर्फाखाली खनिजं आहेत म्हणतात. पण आज घर चालतं ते मासळीवर. माणसं सगळी मिळून सत्तावन्न हजार. निर्यातीतल्या शंभर रुपयांतले नव्वदहून जास्त मासळीचे."

"सत्तावन्न हजार? एवढी तर आपल्या नुमाइशीला रविवारी येत असतील." काकूंनी कढीपत्त्याची काडी मोडली. "मग ते डेन्मार्कचं ना? आमची पोरगी ज्या देशात राहते त्याचंच?"

"डेन्मार्कच्या राजाखाली, हो. पण युरोपच्या संघात नाही. होतं, बाहेर पडलं. वेगळी चूल मांडली."

झालं. 'वेगळी चूल' हे दोन शब्द काकूंच्या कानावर पडले आणि त्यांनी कढीपत्ता खाली ठेवला, पदर खोचला. "नीट सांग. पहिल्यापासून."

पहिल्यापासून म्हणजे १९७२. डेन्मार्कनं युरोपच्या बाजारसंघात जायचं की नाही, यावर मतदान घेतलं. ग्रीनलंडच्या शंभरातल्या सत्तर जणांनी नको म्हणून सांगितलं. पण मोजणी सगळ्या डेन्मार्कची एकत्र, तिथं होकाराचं पारडं जड. १९७३च्या जानेवारीत डेन्मार्क आत गेलं, आणि ग्रीनलंडला सोबत जावं लागलं. फॅरो बेटंही डेन्मार्कचीच. पण त्यांच्याकडे १९४८पासून घरचा कारभार होता, ती बाहेर राहिली.

"म्हणजे हिला विचारलं, ही नाही म्हणाली, आणि तरी नेली."

"तसंच. आणि मग ग्रीनलंडच्या पाण्यात किती कॉड धरायचा, कुणी धरायचा, हे ठरायला लागलं ब्रुसेल्सला. मोठमोठ्या जर्मन ट्रॉलरांना तिथं वाटा. किनाऱ्यावरचा माणूस छोटी होडी घेऊन बघत उभा. कॉड तर साठच्या दशकाच्या शेवटापासूनच कमी होत चाललेला."

"संपवला लोकांनी?"

"धरलाही बेसुमार, आणि पाणीही थंड पडलं. कॉड गेला तशी कोळंबी वाढली. कोळंबी खाणाराच कमी झाला ना."

काकूंना हे पटलं. खाणारा कमी झाला की उरतं, हा हिशेब कुणालाही पटतो.

पुढचं मी भरभर सांगितलं. १९७९मध्ये ग्रीनलंडला स्वतःचा कारभार मिळाला. १९८२च्या फेब्रुवारीत त्यांनी आपलं आपण मतदान घेतलं, राहायचं की निघायचं. त्रेपन्न विरुद्ध सत्तेचाळीस, असं निसटतंच, पण निघायचं ठरलं. दोन-तीन वर्षं कागदपत्रांत गेली, आणि १ फेब्रुवारी १९८५ला ग्रीनलंड बाहेर. ब्रिटन बाहेर पडलं त्याच्या पस्तीस वर्षं आधी, आणि तेही तेवढा तमाशा न करता.

"आणि बोलणं बंद?"

"कुठलं! इथंच तर खरी गंमत आहे. निघता निघताच करार केला. तुमच्या बोटी आमच्या पाण्यात येऊ देत, पण वर्षाला पैसे मोजा. आणि आमची मासळी तुमच्या बाजारात बिनजकात घ्या."

"आणि त्यांनी घेतली?"

"घेतली. मात्र एक पाचर मारून ठेवली. जकातमाफी कुठवर, तर आम्हाला तुमच्या पाण्यात समाधानकारक मासेमारी मिळते आहे तोवर."

काकू जरा वेळ बोलल्या नाहीत. वेगळ्या चुलींच्या कथा त्यांनी काचिगुड्यापासून परभणीपर्यंत बक्कळ ऐकल्यात, कधीकधी लावूनही दिल्यात, म्हणून त्यांना नेमकं ठाऊक असतं बोट कुठं ठेवायचं. "मग बाहेर पडून मिळवलं काय? मासे तेच नेतायत, आणि हिला अजून त्यांच्याच बाजारात जायचंय."

प्रश्न बिनतोड होता. माझ्या मते उत्तर असं आहे: आधी किती न्यायचं ते दुसरे ठरवत, आता ती ठरवते. शास्त्रज्ञ सांगतात, समुद्रात अमुक इतकं आहे, अमुक इतकंच काढा. त्यातून ग्रीनलंडच्या बोटी आपलं घेतात. राहील त्यातलं युरोपला. समुद्राचा जो जागतिक कायदा आहे, १९८२चा, त्यातही तेच तत्त्व आहे: आपल्या दोनशे सागरी मैलांत किनाऱ्याच्या देशानं आधी आपली गरज बघावी, त्याला काढता येत नसेल तेवढं इतरांना द्यावं. २०२१ला झालेल्या करारात कॉड, तांबडा रेडफिश, हॅलिबट, कोळंबी, सगळ्यांचे टनावारी आकडे घातलेत. बदल्यात युरोपच्या संघानं तेव्हा वर्षाला साधारण १ कोटी ६५ लाख युरो द्यायचं ठरलं, बोटवाल्यांच्या परवान्याचे पैसे वेगळे. यातली एक रक्कम ग्रीनलंडनं मासेमारीच्याच कामाला लावायची असते: तपासनीस, संशोधन, देखरेख.

"आणि शिक्षणाला?"

"ते दुसऱ्या खात्यातून. २०२१ ते २०२७साठी साडेबावीस कोटी युरो, बहुतेक सगळे शिक्षणाला. २०२४च्या मार्चमध्ये तर युरोपच्या आयोगाच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डेर लायेन स्वतः नुकला गेल्या आणि तिथं संघाचं ऑफिस उघडून आल्या."

"बघ," काकू म्हणाल्या, "घरात होती तेव्हा कुणी फिरकलं नसेल."

त्यात तथ्य आहे, पण ट्रंपसाहेबांचाही त्यात थोडा हात धरायला हवा. गिऱ्हाईक दारात आलं की नातेवाइकांना उमाळा येतोच. वर आणखी एक भानगड मी काकूंना सांगितली: ग्रीनलंडकडून घेतलेल्या वाट्यातला काही भाग युरोप नॉर्वेला देतो, आणि त्याबदल्यात नॉर्वेच्या पाण्यातलं घेतो. काकूंनी कपाळाला हात लावला. "हौ, म्हणजे मासा अजून पाण्यात, आणि तीन घरांत वाटून झाला."

एवढ्यात काकांच्या खोकल्याचा आवाज आला आणि काकू वळून बघून परत भिंतीशी आल्या. काका दम्याचे. नामपल्लीच्या एक्झिबिशन ग्राउंडवर मृगाच्या दिवशी बत्तिनी कुटुंब मत्स्यप्रसाद देतं, त्याला पूर्वी ते जात. मरळीचं बोटभर जिवंत पिल्लू, त्याच्या तोंडात पिवळा लगदा, आणि ते तसंच नाक दाबून घशात. शाकाहाऱ्यांना तोच लगदा गुळातून. आता ते कुटुंब त्याला औषध म्हणत नाही, प्रसाद म्हणतं. डॉक्टर मंडळी त्यावर नाक मुरडतात आणि गर्दी देशभरातून येते. पिल्लं पुरवतं सरकारचं मत्स्यखातं. मला त्या औषधापेक्षा ही व्यवस्था जास्त नवलाची वाटते: एका कुटुंबाचा लगदा आणि सरकारी मरळ.

"आमच्या यांनी गुळातलाच घेतला हं," काकूंनी खुलासा केला. "या घरात मासा आला नाही. कोपनहेगनचं सोड."

मग त्या आपल्या मूळ स्वभावावर आल्या. "पण वेगळ्या चुली आम्ही काय कमी बघितल्या? माझे आजेसासरे परभणीहून इथं वकिली करायला आले तेव्हा सगळं एकच संस्थान. सप्टेंबर अठ्ठेचाळीसला निजाम भारतात आला, छप्पनला संस्थानच वाटून टाकलं. मराठवाडा मुंबईकडे, कानडी जिल्हे म्हैसूरकडे, आम्ही बसलो आंध्रात. आमचं गाव महाराष्ट्रात आणि आमचं घर इथं. कुणी मत नाही विचारलं. मग चौदा साली तेलंगण वेगळं झालं. आता सांग, यात मासे कुणाकडे गेले?"

"समुद्र सगळा आंध्राकडे. तेलंगणकडे तळी आणि धरणं."

"आणि ती माशाची बिल्डिंग?"

ती इथंच राहिली, हे या शहराचं मला फार आवडतं. राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळाचं मुख्य ऑफिस २००६पासून हैदराबादेत आहे आणि त्याची इमारत चक्क माशाच्या आकाराची, पोलादी पत्र्याची, डोळे-कल्ले-शेपटीसकट. शमशाबादच्या विमानतळाकडे जाताना पी. व्ही. नरसिंह राव एक्स्प्रेसवेच्या २३५ नंबरच्या खांबाशी दिसते. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, आणि हा मासा उड्डाणपुलाच्या कडेला. बाहेरगावचे पाहुणे हसतात. मी हसत नाही, कारण समुद्राचं निम्मं डोकं याच गावात आहे. निजामपेटच्या बाजूला प्रगतीनगरात इन्कॉइस नावाची केंद्र सरकारची संस्था आहे. त्सुनामीची सूचना देशाला तिथून जाते, आणि मासळी कुठं लागेल याचा अंदाजही. उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान बघतात, पाण्याचा हिरवेपणा बघतात. जिथं थंड-गरम पाणी भेटतं आणि शेवाळ वाढतं, तिथं मासा चरायला येणार. मग बंदरापासून दिशा, अंतर, खोली असं त्या त्या भाषेत कळवतात.

"माझ्या भावाला मालवणला मराठीत येतं, काकू. बांगडा कुठं, ते हैदराबादेहून."

"आणि मिळतो?"

"पुष्कळदा मिळतो. पण त्याच्या आधी दुसरा पोचलेला असतो."

आता ही जखम आमच्या घरातली, त्यामुळे बोलताना माझा आवाज चढला असेल. सिंधुदुर्गात वर्षानुवर्षं हेच चाललंय. कर्नाटकातल्या मलपीकडचे हायस्पीड ट्रॉलर रात्री येतात, जोरकस इंजिनं, मोठी जाळी, आणि किनाऱ्याजवळचं खरवडून नेतात. पारंपरिक मच्छीमार आरडाओरडा करतात, कधी ट्रॉलर पकडतात, कधी मारामारी होते, पेपरात दोन दिवस येतं. बारा सागरी मैलांपर्यंत पाणी राज्याचं, त्याला महाराष्ट्राचा १९८१चा कायदा. पुढे दोनशे मैलांपर्यंत केंद्राचं. एलईडीच्या झगझगाटात मासा गोळा करून उपसायला केंद्रानं २०१७मध्ये बंदी घातली. दिवे अजून दिसतात. अंधारात बारा मैलांची रेघ कुणाला दिसत नाही, दिवे मात्र घाटमाथ्यावरूनही दिसावेत असे.

"ते मलपीवाले परके का?" काकू म्हणाल्या. "आपल्याच देशातले ना?"

"म्हणून तर अवघड. ग्रीनलंडला जर्मन बोट म्हणजे जर्मन बोट. आकडा कागदावर, पैसे बँकेत, तपासनीस बोटीवर. आमच्याकडे येणारा आपलाच. त्याला किती टन म्हणून कुणी लिहून दिलेलं नाही, आणि घेऊन गेला तर दर विचारणारं कुणी नाही."

"तुम्ही काय, वेगळं व्हायचं म्हणता की काय?"

"नाही हो! वेगळं होऊन तेलंगणचं काय झालं ते बघताच आहात. श्रीशैलमचं धरण, पाणी दोघांचं, भांडण अजून चालू. मी म्हणते, आधी मोजा. किती मासा आहे, किती काढायचा, त्यातला किनाऱ्यावरच्या होडीचा किती. ग्रीनलंडनं घर सोडलं ही बातमी झाली. पण त्याचं खरं बळ आहे वहीत. वही त्याच्या हातात आहे."

माझ्या ऑफिसच्या टेबलावर दुसरी वही असते, ती युरोपच्या हातातली. आंध्रातल्या तळ्यांत वाढवलेली व्हॅनामेई कोळंबी तिकडे गेली की त्यांच्या बंदरात निम्म्या खेपा औषधांचे अंश तपासायला अडवतात. २०१६पर्यंत दहातली एक अडवत. चूक आमच्या तळ्यांची आहे, प्रतिजैविकं ओतणाऱ्यांची आहे, हे मी कबूल करते. पण तोच बाजार ग्रीनलंडच्या कोळंबीला बिनजकात. २०२५च्या ऑगस्टात अमेरिकेनं आपल्या मालावर पन्नास टक्के कर नेला तेव्हा आमच्या ऑफिसात दोन दिवस कुणी चहासुद्धा मागवला नाही. ज्याच्याकडे समुद्र आहे आणि बाजार एकच आहे, त्याची रात्रीची झोप कशी असते ते मला त्या आठवड्यात कळलं. नुकमध्ये ती तशीच असणार.

"मग सरकार काहीच करत नाही?"

"करतंय. २०२५च्या ४ नोव्हेंबरला केंद्रानं नवे नियम काढले, बारा मैलांपलीकडच्या मासेमारीचे. परदेशी बोटींना मज्जाव. यांत्रिक बोटींना प्रवेशपास घ्यायचा, तो फुकट. एलईडी, जोडीनं ओढायचं जाळं, बंद. आणि खोल समुद्रात जायला पहिला मान मच्छीमारांच्या सहकारी सोसायट्यांना."

"सोसायटीला मान? हे चांगलं झालं." काकूंनी मान डोलावली. मग एकदम थांबल्या. त्यांच्या बँकेत आणि हाउसिंग सोसायटीत मिळून त्यांनी सहकार जवळून पाहिलेला आहे. "पण तुझ्या भावाच्या सोसायटीचा चेअरमन कोण?"

"ज्याचे तीन ट्रॉलर आहेत तो."

"हौ. मग झालं की." काकू मनापासून हसल्या. "आणि तुझ्या त्या ग्रीनलंडात? तिथं चेअरमन नाही?"

आहे, तिथंही आहे. कोळंबीच्या मोठ्या बोटी थोड्याच कंपन्यांच्या. त्यातली सर्वांत मोठी रॉयल ग्रीनलंड, ती तिथल्या सरकारचीच. आणि तिकडे इलुलिसातला माणूस कुत्र्यांच्या गाडीवरून गोठलेल्या फ्योर्डवर जातो, बर्फाला भोक पाडतो, लांब दोरीला शेकड्यांनी गळ लावून आत सोडतो आणि हॅलिबट वर ओढतो. कंपनी मोठी की गळ मोठा, ही भांडणं तिथल्या संसदेतही होतात. चूल वेगळी झाली तरी घरात कुणी काय वाढायचं यावरून धुसफूस राहतेच.

"मग भावाला म्हणावं, चेअरमनकीला उभा राहा," काकूंनी निकाल दिला. "घरी बसून ट्रॉलरला शिव्या काय देतो?"

"राहिला होता, काकू. मागच्या वेळी. थोडक्यात पडला."

"कुणाकडून?"

"त्याच्याच मेव्हण्याकडून."

"थांब," काकू म्हणाल्या, "जाऊ नकोस. गॅस बंद करून येते."